गाडी बाजूला घ्या

आपल्याकडे पोलिसानं हात दाखवून गाडी थांबवली की माणूस सगळ्यात आधी काय करतो? दार उघडून खाली उतरतो. मग पँटच्या मागच्या खिशात हात घालत, चेहऱ्यावर शक्य तेवढं दीनवाणं हसू आणून पोलिसाच्या दिशेनं चालू लागतो. "काय झालं साहेब?" पुण्यात असेल तर मनातल्या मनात "काय झालं मामा?" आणि मग पुढची पाच मिनिटं लायसन, पीयूसी, घरातलं आजारपण, ओळखीचे नगरसेवक वगैरे वगैरे.

माझा भाचा अमेरिकेत सॅन होजेला गेला तेव्हा त्याच्या तिथल्या मित्रांनी पहिल्याच आठवड्यात त्याला बजावलं की नेमकं हेच करायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि पोलीस खिडकीपाशी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. कागद काढायचे तर आधी तोंडानं सांगायचं, मग हात हलवायचा. "मावशी, अगदी मुंज्यासारखं बसायचं!" असं तो फोनवर हसत हसत सांगत होता. मी काही हसले नाही. इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. असा एखादा विचित्र नियम कानावर आला की तो कुणाच्या मरणानंतर झाला असेल, हे शोधावंसं वाटतं.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अमेरिकन पोलिसांच्या प्रशिक्षणात एका गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. न्यूहॉल. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, भाच्याच्याच कॅलिफोर्नियात.

५ एप्रिल १९७० ची रात्र, बारा वाजायला थोडा अवकाश. एका लाल पॉन्टिअॅक गाडीतल्या माणसानं दुसऱ्या मोटारवाल्याला बंदूक दाखवली, अशी तक्रार हायवे पेट्रोलकडे आली होती. रॉजर गोर आणि वॉल्ट फ्रेगो हे दोन शिपाई त्या गाडीच्या मागावर निघाले आणि एका पेट्रोल पंपाजवळच्या उपाहारगृहाच्या आवारात त्यांनी ती थांबवली. दोघांचंही वय २३. गाडीत दोन माणसं होती, बॉबी डेव्हिस आणि जॅक ट्विनिंग, दोघेही तुरुंगाची हवा खाऊन आलेले. गोरनं डेव्हिसला बाहेर काढून त्याची झडती घ्यायला सुरुवात केली. फ्रेगो हातात बंदूक धरून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडचं दार उघडलं आणि आत बसलेल्या ट्विनिंगनं गोळ्या झाडल्या. आवाज ऐकून गोर तिकडे वळला, तेवढ्यात ज्याची झडती चालली होती त्या डेव्हिसनं लपवलेलं पिस्तूल काढून गोरला मारलं. मदतीला दुसरी गाडी आली. तिच्यात जेम्स पेन्स आणि जॉर्ज अॅलन, दोघेही २४ वर्षांचे. तेही गेले. पेन्स मारला गेला तेव्हा आपल्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक गोळी भरत होता. सगळं मिळून साडेचार मिनिटं. चौघेही लग्न झालेले, आणि चौघांचीही नोकरी अजून दोन वर्षांची झालेली नव्हती.

यात एक माणूस वेगळाच आहे. गॅरी नेस नावाचा एक गृहस्थ, पूर्वी मरीन दलात होता, कामावर निघालेला. पोलीस पडलेले बघून तो गाडी थांबवून धावला, जखमी अॅलनला ओढून बाजूला नेण्याचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा तिथलंच हत्यार उचलून त्यानं गोळी झाडली आणि डेव्हिसला जखमी केलं. दोघे मारेकरी तिथून पळाले. ट्विनिंगनं पुढे एका घरात लपून स्वतःवर गोळी झाडून घेतली. डेव्हिस पकडला गेला, त्याला आधी फाशी आणि मग जन्मठेप झाली, आणि २००९ मध्ये तुरुंगातच त्यानं आयुष्य संपवलं.

न्यूहॉलनंतर कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी त्या साडेचार मिनिटांची अक्षरशः चिरफाड केली. कोण कुठे उभा होता, कोण कुणाच्या आड आला, मदतीची वाट का पाहिली नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये सहाही गोळ्या एकदम भरण्याचं साधन आलं. धोक्याची शंका असेल तर गाडीजवळ जायचंच नाही, लांबून हुकूम देऊन माणसं बाहेर काढायची, अशी पद्धत बसली. साध्या तपासणीतसुद्धा पोलिसानं खिडकीच्या समोर उभं राहायचं नाही, दाराच्या खांबाच्या किंचित मागे राहायचं, म्हणजे आतल्या माणसाला त्याच्याकडे बघायला मान वळवावी लागते. हे सगळं एकट्या न्यूहॉलमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण वर्गात शिकवायला उदाहरण म्हणून न्यूहॉल पुढे कायमचं राहिलं.

मग न्यायालयं आली. १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फिलाडेल्फियाच्या हॅरी मिम्सचा खटला होता. गाडीच्या नंबरप्लेटची मुदत संपली म्हणून त्याला थांबवलं, खाली उतरायला सांगितलं, तर त्याच्या जाकिटाखाली भरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. न्यायालयानं निकाल दिला की साध्या नियमभंगासाठी थांबवलेल्या चालकालाही पोलीस खाली उतरायला सांगू शकतो. (म्हणजे आपण आपखुशीनं उतरतो ते तिकडे हुकमानं.) निकालात एका जुन्या अभ्यासाचा हवाला होता की पोलिसांवरच्या गोळीबारांपैकी सुमारे ३० टक्के प्रसंग गाडीत बसलेल्या संशयिताजवळ जाताना घडलेले आहेत. १९९७ मध्ये हाच अधिकार गाडीतल्या बाकीच्या प्रवाशांपर्यंत वाढवला गेला. त्या निकालात १९९४ या एका वर्षाचे आकडे दिले आहेत. वाहनांचा पाठलाग आणि वाहन थांबवणं यांत मिळून पोलिसांवर ५,७६२ हल्ले आणि ११ पोलिसांचा मृत्यू.

आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण गणिताच्या बाई माझ्या शेजारच्याच वर्गावर असायच्या. त्या नेहमी म्हणायच्या, वरचा आकडा सांगितलास, आता खालचा सांग! ११ मृत्यू, पण किती गाड्या थांबवल्यापैकी? हा खालचा आकडा जॉर्डन ब्लेअर वुड्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१९ मध्ये काढला. फ्लोरिडातल्या दोनशेहून जास्त पोलीस खात्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निव्वळ वाहतुकीच्या नियमासाठी थांबवलेल्या ६५ लाख गाड्यांमागे एका पोलिसाची हत्या. गंभीर दुखापत होईल असा हल्ला साधारण ३ लाख ६१ हजारांत एकदा. कुठलाही हल्ला, धक्काबुक्की धरून, सुमारे सात हजारांत एकदा.

आता पुन्हा न्यूहॉलकडे बघा. तिथे बंदुकीची तक्रार आधीच आलेली होती. म्हणजे ती 'नेहमीची तपासणी' नव्हतीच! पण त्या रात्रीतून निघालेली भीती शिकवली गेली ती सगळ्याच तपासण्यांना, मागचा दिवा बंद असलेल्या गाडीलासुद्धा.

त्या भीतीची दुसरी बाजू ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात दिसली. फिलँडो कॅस्टिल हा ३२ वर्षांचा काळा माणूस, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. कुठल्या मुलाला दूध चालत नाही, कुणाला काय वाढायचं नाही, हे त्याला तोंडपाठ असे. (हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. आमच्या शाळेतही खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी अशाच होत्या.) आयुष्यात चाळीसहून जास्त वेळा त्याची गाडी पोलिसांनी थांबवली होती. त्या संध्याकाळी पोलिसानं मागच्या दिव्याचं कारण सांगितलं. मनात मात्र शंका होती की हा एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो. कॅस्टिलनं नियमाप्रमाणे आधीच सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. ती परवान्याची होती. पुढच्या काही क्षणांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. पुढच्या वर्षी ज्युरीनं पोलिसाला निर्दोष सोडलं.

हे झालं तिकडचं. आता आपल्याकडे येऊ, कारण आपल्या पोलिसाचा प्रश्न बरोबर उलटा आहे. त्याला लांब उभं राहायला कुणी शिकवलेलंच नाही. तो जवळ जातो, आणि बहुतेक वेळा हातात काठी किंवा पावतीपुस्तक असतं.

गिरगाव चौपाटीची रात्र सगळ्यांना माहीत आहे, तरी ती मला नाकाबंदी म्हणून सांगायची आहे. २६ नोव्हेंबर २००८ ची मध्यरात्र उलटलेली. कसाब आणि इस्माईल सीएसटी आणि कामा रुग्णालयाकडून निघालेले. रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर यांना मारून त्यांनी पोलिसांचीच गाडी पळवली. तिचा टायर गेला म्हणून विधानभवनाच्या परिसरात एक रुपेरी स्कोडा हिसकावली आणि मरीन ड्राइव्हनं निघाले. वायरलेसवर निरोप आला होता. चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी रस्त्यात अडथळे लावले होते. स्कोडा आली, अडथळ्यांच्या अलीकडे काही अंतरावर थांबली. पोलिसांनी ओरडून सांगितलं की दिवे बंद करा, हात वर करा. आतल्यांनी उलट दिवे प्रखर केले, काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले, म्हणजे आतलं काही दिसायला नको. मग गाडी वळवायला गेले ती दुभाजकावर चढली. चालवणाऱ्या इस्माईलवर पोलीस उपनिरीक्षकांनी गोळ्या झाडल्या. डाव्या बाजूनं कसाब शरण आल्यासारखा बाहेर पडला, आणि त्याच्याकडे धावले तुकाराम ओंबळे.

ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. आधी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये होते, तिथून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये मुंबई पोलिसात आले. त्या रात्री सहायक फौजदार होते आणि हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. संजय गोविलकरांनाही एक लागली. बाकीच्यांनी काठ्यांनी मारून कसाबला जिवंत पकडलं. २६ जानेवारी २००९ ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तो माणूस जिवंत हाती लागला म्हणून पुढचा सगळा खटला उभा राहिला. २०१० मध्ये विशेष न्यायालयाची शिक्षा, २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात फाशी.

चौपाटीवर ओंबळ्यांचा पुतळा आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांचं नाव दिलं गेलं, 'आयसियस तुकारामी'. हे मला फार आवडलं. पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. लाठी घेऊन एके-४७ ला सामोरं जाणं ही आपण शौर्यगाथा म्हणून सांगितली आणि ती आहेच. मात्र त्यांच्या हातात लाठी का होती, हा प्रश्न त्या गाथेत विरघळून गेला. अतिरेक्यांसाठी २००९ मध्ये 'फोर्स वन' हे खास पथक उभं राहिलं. चौकातला हवालदार होता तिथेच, होता तसाच राहिला. न्यूहॉलची चिरफाड झाली आणि चौपाटीचा पोवाडा झाला, असं म्हटलं तर कुणाला राग येईल, पण मला ते खरं वाटतं.

आणि चौपाटीसुद्धा 'नेहमीची' नाकाबंदी नव्हती. समोरून कोण येतंय याची पोलिसांना कल्पना होती. नेहमीची कशी असते ते बघायचं तर खारला जावं लागेल.

२३ ऑगस्ट २०१६. कॅस्टिल जाऊन सात आठवडेही झाले नव्हते. खार पश्चिमेला एस. व्ही. रोडवर पेट्रोल पंपाजवळ वाहतूक पोलीस विलास शिंदे ड्युटीवर होते. भर दिवसा. हेल्मेट न घातलेला एक मुलगा दुचाकीवरून आला, वयानं अठराच्याही आतला. शिंद्यांनी त्याला थांबवलं, कागदपत्रं मागितली. यात काय विशेष? महाराष्ट्रात दिवसाला असे किती प्रसंग होत असतील! मुलानं मोठ्या भावाला बोलावलं. भाऊ आला आणि त्यानं शिंद्यांच्या डोक्यात लाकडी दांडका घातला. लीलावती रुग्णालयात आठ दिवस झुंज देऊन ३१ ऑगस्टला ते गेले.

इथे ना अतिरेकी, ना दरोडेखोर. एक अल्पवयीन मुलगा आणि त्याचा तापट भाऊ. कुठला वायरलेस याची सूचना देणार होता? शिंद्यांनी मुलाला थांबवलं ते त्याच्याच डोक्याच्या काळजीनं, कायद्यातलं हेल्मेटचं कलम दुसऱ्या कशासाठी आहे? आज माझ्या ओळखीतल्या दहा जणांना विलास शिंदे कोण म्हणून विचारलं, तर दोघांना आठवलं. ओंबळे दहाही जणांना.

याचं एक कारण मला कळतं आणि ते सांगायला हवं. वाहतूक पोलिसाबद्दल आपल्या मनात सहानुभूती कमी असते. चिरीमिरी, मांडवली, झाडाआड लपून अचानक पुढे येणं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ मध्ये आला, तेव्हापासून हवालदार म्हटलं की 'पांडू' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. घरातली मोठी माणसंच गाडीत मुलांसमोर "दे पन्नास आणि सुटू" म्हणत असतील, तर त्या मुलाला समोरच्या वर्दीत कायदा दिसणार की गिऱ्हाईक? यात पोलिसांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. पण दांडका उचलणाऱ्या हाताला ही हवा लागलेली असते.

कायद्यानं काय केलं म्हणाल, तर सरकारी नोकराच्या अंगावर जाण्यासाठी दंड संहितेचं ३५३ कलम होतं, २०२४ च्या जुलैपासून न्याय संहितेचं १३२ आलं. कलम हल्ला झाल्यानंतर लागतं, हा त्याचा स्वभावच आहे.

बाकी आपल्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे खुद्द गाडी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत पतियाळाच्या भाजी मंडईपाशी पास विचारला म्हणून निहंगांच्या एका टोळीनं अडथळ्यांवर गाडी घातली आणि मग तलवारीनं सहायक उपनिरीक्षक हरजीत सिंग यांचा हात मनगटापासून तोडला. चंदीगडच्या डॉक्टरांनी साडेसात तास शस्त्रक्रिया करून तो पुन्हा जोडला. जुलै २०२२ मध्ये हरियाणात नूहजवळ बेकायदा खाणकाम रोखायला गेलेले उपअधीक्षक सुरेंदर सिंग यांनी डंपरला थांबण्याची खूण केली, डंपर त्यांच्या अंगावरूनच गेला. निवृत्तीला काही महिने उरले होते. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एका मोटारवाल्यानं वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन सुमारे २० किलोमीटर गाडी पळवली. तो वाचला, बॉनेट घट्ट धरून राहिला म्हणून.

माझा एक जुना विद्यार्थी पोलिसात आहे. इतिहासात जेमतेम पास व्हायचा, पण कबड्डीत पुढे असायचा. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं की नाकाबंदीला भीती कशाची वाटते. मला वाटलं होतं की गुंड, हत्यारं असलं काही सांगेल.

"बाई, पहाटे तीनच्या पुढं ट्रकची वाटते," तो म्हणाला. "ड्रायव्हर झोपेत असतो. आपण हात केलेला त्याला दिसलाय की नाही, ते आपल्याला कळत नाही. मी आधी चाकं बघतो, वेग कमी होतोय का. नाही झाला तर उडी."

"आणि दारू प्यालेले?"

"त्यांचं काय, तोंडाजवळ तोंड न्यावं लागतं. पूर्वी वासावरच सगळं असायचं, आता मशीन आहे. पण तेसुद्धा त्याच्या तोंडाला लावणार कोण? आपणच ना! कुणी थुंकतो, कुणी काच वर करतो, मग हात आत अडकतो. एकदा माझा अडकला होता." मनगट पुढे करून त्यानं दाखवलं. कातडीवर पांढरट रेघ होती. घरी आईला सांगितलं नव्हतं म्हणे, दारात सापडला असं सांगितलं.

मुंबईत २०१६ पासून कॅमेऱ्यावरून ई-चलान सुरू झालं, मग इतर शहरांतही आलं. सिग्नल तोडला की पावती मोबाईलवर. लोक कुरकुरतात, कारण कॅमेऱ्याशी हुज्जत घालता येत नाही. मला मात्र त्यात एक फायदा दिसतो, जो जाहिरातीत कुणी सांगत नाही. जितक्या गाड्या हात न दाखवता दंड भरतील, तितक्या वेळा कुणा शिंद्याला कुणाच्या तरी पोरापुढे उभं राहावं लागणार नाही. अमेरिकेतही साध्या नियमभंगासाठी पोलिसानं गाडी थांबवावीच का, यावर विचार सुरू आहे आणि त्यात वुड्स यांच्या त्या आकड्यांचा आधार घेतला जातो.

पण कॅमेऱ्याला वास येत नाही. दारूची तपासणी, रात्रीची नाकाबंदी, चोरीची गाडी, हे माणसालाच करावं लागतं. मी त्या विद्यार्थ्याला दाराच्या खांबामागे उभं राहण्याची अमेरिकन पद्धत समजावून सांगितली. चहाचा कप बाजूला ठेवून त्यानं नीट ऐकून घेतलं, उठून खुर्चीच्या मागे तसं उभंही राहून पाहिलं.

"चांगलं आहे बाई," तो म्हणाला, "पण आपल्याकडं तो माणूस गाडीत बसून राहील तर ना!"